बाबागाडीचा निरोप

प्रत्येक घरांत केव्हां ना केव्हां अशी एखादी वस्तु येते कीं, जिच्यावरून घरांतील मंडळींत दोन तट पडतात. कोणाच्या घरीं तें आरामखुर्चीवरून होतें, कोणाच्या घरीं पाळलेल्या मांजरावरून, तर कोणाच्या घरीं मोबाइलवरून. आमच्या घरीं हा मान एका बाबागाडीला मिळाला. ती गाडी परवां आमच्या दारांतून निरोप घेऊन गेली. तिच्या जाण्यापूर्वीं घरांत जें कांहीं घडलें, तें सांगण्यांत आमची थोडी शोभा होणार आहे, हें आम्ही जाणून आहों. परंतु ज्या घरांत आजोबा, आजी, सुना व नातवंडें एका छपराखालीं नांदतात, त्या घरांतल्या वाचकांना त्यांतून कांहीं उपयोगी पडण्यासारखें मिळेल, या भरंवशावर तें सांगावयाचें आम्ही ठरविलें आहे.

आमचें घर महाद्वार रस्त्यापासून जवळच, एका बोळांत आहे. जुन्या वाड्याचा मागला भाग पाडून तेथें नवीं दालनें झालीं, तरी पुढचा दिंडी-दरवाजा, ओसरी आणि झिजलेला उंबरठा हीं अजून जुनींच आहेत. कुटुंबांत लहानमोठीं मिळून दहा माणसें: आमच्या थोरल्या वहिनी, त्यांचा मुलगा, सून व दोन शाळकरी नातू, आम्ही उभयतां, आमचे चिरंजीव, सूनबाई आणि त्यांची एकुलती एक कन्या. ही कन्या म्हणजे आमची छकुली. या हकीकतीच्या वेळीं तिचें वय पावणेतीन वर्षांचें होतें. ती आठ महिन्यांची असतांना परदेशांत राहणाऱ्या आमच्या भाचीनें ही गाडी तिच्यासाठीं आणली. निळें कापड, हलकी धातूची चौकट, एका झटक्यांत मिटून कांखेंत धरतां येईल अशी तिची रचना. गाडी आली त्या दिवशीं सर्व बोळ ती पाहावयास लोटला होता!

छकुली तेराव्या महिन्यांत चालूं लागली. तेव्हां तिचीं पहिलीं पावलें पाहून सर्वांनाच आनंद झाला, आणि तिच्या पायांत वाळे घालून तिला ओसरीवरून फिरविण्याचा सोहळाही झाला. परंतु घराबाहेर पडावयाचें म्हणजे गाडी, हा क्रम मात्र तसाच चालू राहिला. दोन वर्षें झालीं, अडीच झालीं, तरी छकुली बाहेर निघाली कीं गाडींत बसे, आणि तिचे पाय गाडीच्या पायपट्टीवरून खालीं लोंबूं लागले. येथूनच घरांतल्या वादाला सुरुवात झाली.

वहिनींचें वय आतां अठ्ठ्याहत्तर आहे. चार मुलें त्यांनीं वाढविलीं तीं कडेवर किंवा पायीं. तिसरें वाहन त्यांना ठाऊक नव्हतें. त्या एके दिवशीं ओसरीवर बसून म्हणाल्या, “भावोजी, देवानं त्या पोरीला पाय दिले आहेत, ते काय गाडीतून लोकांना दाखवायला?” सूनबाई एका बँकेंत नोकरीस आहेत. त्यांची अडचण निराळी होती. सकाळीं मुलीला बालवाडींत पोंचवून वेळेवर कामाला लागावयाचें. त्यांत मूल प्रत्येक दुकानापुढें थांबूं लागलें तर कसें व्हावयाचें? “मला तिला चालवायचंच आहे,” त्या म्हणत, “पण मिनिटांचा हिशेब कोणी करायचा?” आमच्या घरच्या मंडळींचें म्हणणें असें कीं, पोर अजून कोंवळी आहे, रात्रीं पाय दुखतात म्हणून रडली तर तेल कोणी चोळावयाचें?

आणि आम्ही? आम्ही गाडीचे कट्टे पुरस्कर्ते होतों. रस्त्यावर वाहनें फार, पदपथ जेथें आहेत तेथें ते दुकानांच्या पाट्यांनीं अडलेले, मोकाट जनावरांचा नेम नाहीं, अशीं एकाहून एक सरस कारणें आम्ही पुढें करीत असूं. सेवानिवृत्त झाल्यापासून छकुलीला संध्याकाळीं फिरावयास नेण्याचें काम आम्हीं आपणहून पत्करलें होतें, त्यामुळें या विषयांत आमच्या शब्दाला वजनही होतें. आम्हीं दिलेलीं कारणें खोटीं नव्हतीं. परंतु जें खरें कारण होतें, तें आम्हीं कोणालाच सांगितलें नव्हतें. आणि स्वतःलाही तें स्पष्ट शब्दांत सांगण्याचें आम्ही टाळीत होतों.

वादाला बळकटी आणावी म्हणून आम्हीं या गाडीचा इतिहासही धुंडाळला. इंग्लंडांत इ. स. १७३३ च्या सुमारास विल्यम केंट या शिल्पज्ञानें डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठीं शिंपल्याच्या आकाराची एक सुंदर गाडी बनविली होती, आणि ती ओढावयास बकरी किंवा लहानसें तट्टू जोडावयाची सोय होती. पुढें माणसांनीं ढकलण्याच्या अवजड गाड्या आल्या. आज आपण पाहतों ती मिटणारी हलकी गाडी मात्र १९६५ सालची. ओवेन मॅक्लॅरेन नांवाच्या इंग्रज विमान-अभियंत्यानें, आपल्या मुलीची मुलाच्या जड गाडीपायीं प्रवासांत होणारी ओढाताण पाहून, अॅल्युमिनियमची व छत्रीप्रमाणें मिटणारी गाडी तयार केली. या गृहस्थानें त्यापूर्वीं स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलें होतें. तेव्हां हलकी पण भक्कम चौकट करणें त्याला अवघड गेलें नाहीं. हें वाचून आम्हांला अर्थातच स्फुरण चढलें. “पाहा, ही गाडी एका आजोबानेंच काढली आहे!” असें आम्हीं रात्रीच्या पंक्तीला मोठ्या दिमाखानें सांगितलें.

वहिनी शांतपणें म्हणाल्या, “आणि आपला पांगुळगाडा कोणी काढला?”

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. पांगुळगाडा कोणीं काढला हें कोणीच लिहून ठेवलेलें नाहीं. तीन चाकें, उभी लांकडी चौकट आणि धरावयास एक आडवा दांडा, इतकाच त्याचा संसार. आमच्या लहानपणीं प्रत्येक आळींत एक तरी पांगुळगाडा असे, आणि तो या घरांतून त्या घरांत फिरत असे. त्या रात्रीं अंथरुणावर पडल्यापडल्या आमच्या मनांत आलें कीं, दोन्ही गाड्यांना चाकें आहेत खरीं. पण पांगुळगाड्यांत मूल उभें राहतें व गाडा ढकलतें, आणि बाबागाडींत मूल बसतें व गाडी दुसरा कोणी ढकलतो. हा फरक ध्यानांत आला, तरी दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं आम्हीं गाडी बाहेर काढली ती काढलीच. (हल्लीं खुळखुळे लावलेले, गोल चौकटीचे व मध्यें बैठक असलेले प्लास्टिकचे जे वॉकर मिळतात, त्यांना मात्र कोणी पांगुळगाडा समजूं नये. त्यांत बसलेलें मूल क्षणार्धांत जिन्यापाशीं किंवा चुलीपाशीं पोंचतें. अशा अपघातांमुळें कॅनडा देशानें २००४ सालीं त्यांच्या विक्रीला बंदी घातली.)

गणपतीचे दिवस नुकतेच संपले होते. पाऊस उघडला होता आणि आम्ही छकुलीला घेऊन ताराबाई रोडनें रंकाळ्याकडे निघालों होतों. संध्याकाळच्या वेळीं रंकाळ्याच्या पाण्यावर ऊन तिरपें पडलेलें असतें, पलीकडे शालिनी पॅलेसची इमारत दिसते, आणि अर्धें कोल्हापूर तेथें वारा खावयास जमतें. आम्ही तळ्याजवळ पोंचतों न पोंचतों तोंच गाडीचें पुढचें चाक दोन फरश्यांच्या फटींत अडकलें आणि कट्कन् मोडलें. आतां दुसरा मार्गच नव्हता. छकुलीला खालीं उतरविलें, गाडी मिटून डाव्या कांखेंत मारली आणि उजव्या हातानें तिचा हात धरला.

तिला झालेला आनंद काय वर्णावा! ती चार पावलें चाले, थांबे, खालीं बसे, खडा उचलून पाही, पुन्हां चाले. तिच्या दृष्टीनें चाक मोडलें हें फार चांगलें झालें होतें. आम्हांला मात्र दहा पावलांतच घाम फुटला. गेलें वर्षभर आम्ही गाडीची मूठ दोन्ही हातांनीं घट्ट धरून, तिच्यावर भार टाकून चालत होतों. ती मूठ हातांतून गेली आणि आमचा उजवा गुडघा आमच्याशीं अनोळखी माणसासारखा वागूं लागला!

तितक्यांत रस्त्याच्या पलीकडे एक फुगेवाला दिसला. छकुलीनें हात सोडविला केव्हां, आणि ती धांवली केव्हां, हें आम्हांला कळलेंही नाहीं. आम्हीं गाडी टाकून दिली आणि तिच्यामागें धांवावयास गेलों; परंतु दुसऱ्याच पावलाला गुडघा दुमडला आणि आम्ही रस्त्याच्या कडेला बसलों. बसलों म्हणण्यापेक्षां पडलों, हेंच खरें. त्या क्षणीं एक मोटारसायकल कर्णा वाजवीत वेगानें जातांना आम्हांला दिसली, आणि पुढें कांहीं पाहण्याचें धैर्य झालें नाहीं.

डोळे उघडले तेव्हां कडेला भाजलेलीं कणसें विकणाऱ्या एका बाईनें छकुलीचा फ्रॉक मागून पकडलेला होता. रस्ता सुरू होण्यापूर्वीं दोन हातांवर तिनें पोरीला अडविलें होतें. ती छकुलीला आमच्याकडे घेऊन आली, आम्हांला हात देऊन उठविलें आणि म्हणाली, “आजोबा, पोरीला धरा की ओ! का तुमालाच कुणीतरी धराय पायजे?”

ती बिचारी काळजीनेंच बोलली. परंतु त्या एका वाक्यानें आमचें वर्षाचें सोंग उघडें पडलें. गाडी छकुलीसाठीं नव्हती. ती आमच्यासाठीं होती. गुडघे दुखूं लागून दोन वर्षें झालीं होतीं. काठी घ्यावी लागेल ही गोष्ट आम्हांला सहन होत नव्हती. ज्या रस्त्यांवर लोकांनीं आम्हांला ताठ मानेनें चालतांना पाहिलें, तेथें काठी टेकीत कसें जावें? बाबागाडीनें ती अडचण मोठ्या नाजूकपणें दूर केली होती. नातीला फिरविणाऱ्या आजोबांचें लोक कौतुक करीत, आणि आमच्या हाताला आधार मिळे. आमची लाज झांकावी म्हणून पावणेतीन वर्षांच्या, धडधाकट पायांच्या मुलीला आम्हीं बसवून ठेवलें होतें.

ही गोष्ट आम्हीं घरीं लगेच सांगितली नाहीं. चाक मोडलें, एवढेंच सांगितलें. सांगितलें असतें तर एक तर छकुलीचें बाहेर चालणें कायमचें बंद झालें असतें, किंवा तिला आमच्याबरोबर पाठविणें बंद झालें असतें. आणि दुसरी गोष्ट आम्हांला अधिक भयंकर वाटत होती. दोन रात्री झोंप आली नाहीं. डोळे मिटले कीं तो कर्णा ऐकूं येई. तिसऱ्या दिवशीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर, मुलें निजल्याची खात्री करून, आम्हीं सर्वांसमोर घडलेली सारी हकीकत सांगून टाकली, गुडघ्यासकट.

कोणीच कांहीं बोललें नाहीं. चिरंजीव खालीं मान घालून बसले. सूनबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्या उठून आंत गेल्या, निजलेल्या मुलीला पाहून परत आल्या, आणि बऱ्याच वेळानें म्हणाल्या, “बाबा, हे आधीच का नाही सांगितलंत? तुमचे पाय दुखतात, यात लपवण्यासारखं काय होतं?” त्यांनीं रागावून दोन शब्द बोलले असते, तर आम्हांला बरें वाटलें असतें.

वहिनी मात्र केव्हां उठून गेल्या होत्या तें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. त्या परत आल्या तेव्हां त्यांच्या हातांत आमच्या दिवंगत दादांची शिसवी काठी होती. नऊ वर्षें ती त्यांच्या कपाटांत कापडांत गुंडाळून ठेवलेली होती. त्यांनीं ती आमच्यापुढें धरली आणि म्हणाल्या, “भावोजी, ह्यांनीसुद्धा सहा महिने नको-नको म्हणूनच घेतली होती.”

दुसऱ्या दिवसापासून दोन चौकशा सुरू झाल्या. एक आमच्या गुडघ्यांची, दुसरी छकुलीच्या पायांची. अस्थितज्ज्ञांनीं आम्हांला व्यायाम सांगितले, आणि काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला नव्हे, तर त्याच्या विरुद्ध हातांत धरावी, ही गोष्ट शिकविली. आमचा उजवा गुडघा दुखरा. म्हणून काठी डाव्या हातांत आली, आणि उजवा हात नातीसाठीं मोकळा झाला!

छकुलीच्या बाबतींत आम्हीं ओळखीच्या बालरोगतज्ज्ञ बाईंचा सल्ला घेतला, आणि थोडें वाचनही केलें. त्यांतून जें हातीं आलें, तें येथें थोडक्यांत देतों. मुलानें चालावयास केव्हां लागावें, याची एक ठराविक तारीख नसते. जागतिक आरोग्य संघटनेनें निरनिराळ्या देशांतील निरोगी मुलांची पाहणी करून २००६ सालीं जीं अनुमानें प्रसिद्ध केलीं, त्यांत भारतांतील मुलेंही होतीं. त्यांप्रमाणें आधाराशिवाय चालणें सुमारें सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत केव्हांही सुरू होऊं शकतें. बहुतेक मुलें पहिल्या वाढदिवसाच्या आगेंमागें चालतात. शेजारचें मूल दहाव्या महिन्यांत चाललें म्हणून आपल्या मुलाबद्दल काळजी करण्याचें कारण नाहीं. मात्र दीड वर्ष पुरें होऊनही मूल चालत नसेल, सतत चवड्यांवरच चालत असेल, लंगडत असेल, किंवा चालणारें मूल एकाएकीं चालण्याचें टाळूं लागलें असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां वैद्यकीय सल्ला घ्यावा.

चालणें शिकावयास मुलाला किती कष्ट पडतात, याचीही गणना झालेली आहे. न्यूयॉर्क विद्यापीठांतील कॅरेन अॅडॉल्फ या विदुषीनें व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें, बारा ते एकोणीस महिन्यांचीं मुलें खेळतांना तासाला सरासरी २,३६८ पावलें टाकतात आणि १७ वेळां पडतात. तासाला सतरा वेळां पडून पुन्हां उठावयाचें! आम्ही मात्र एकदां पडल्यावर तीन दिवस तोंड लपवून बसलों होतों.

मग गाडी सोडावयाची केव्हां? डॉक्टरीणबाईंनीं सांगितलें कीं, गाडीच्या सुटण्यालाही ठराविक मुहूर्त नाहीं. ती हळूहळू सुटावी. मूल नीट चालूं लागलें कीं रोजच्या वाटेचा थोडा भाग त्यानें पायीं चालावा, गाडी बरोबर असावी; दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान पायीं चालण्याचा भाग वाढत जावा; आणि तिसऱ्या वर्षाच्या सुमारास नेहमींच्या जवळच्या फेऱ्यांसाठीं निरोगी मुलाला गाडीची गरज उरूं नये. लांबचा प्रवास, मोठी गर्दी, आजारपण या प्रसंगीं गाडी वापरली म्हणून कांहीं बिघडत नाहीं. ज्या मुलाच्या पायांना किंवा स्नायूंना आजार आहे, त्याची गोष्ट तर सर्वस्वी वेगळी. त्याला चाकांची खुर्ची हेच पाय, आणि त्यांत कमीपणा मानूं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं पांच वर्षांखालील मुलांसाठीं जीं मार्गदर्शक तत्त्वें सांगितलीं, त्यांतही मुलाला गाडींत किंवा उंच खुर्चींत एका वेळीं एक तासाहून अधिक जखडून ठेवूं नये, आणि एक ते चार वर्षांच्या मुलांनीं दिवसांतून निदान तीन तास हालचाल करावी, असें म्हटलें आहे. हे तीन तास सलग नव्हेत. ओसरीवरचा दंगा, जिन्याची चढउतर, अंगणांतलें नाचणें हें सर्व त्यांत धरावयाचें.

आमच्या घरच्या मंडळींना पायांच्या दुखण्याची धास्ती होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहान मुलांचे तळवे सपाट दिसतात तें बहुधा स्वाभाविकच असतें. पायाची कमान पुढें वाढत्या वयांत तयार होते. घरांत मुलानें अनवाणी चालावें, कारण बोटांनीं जमीन धरण्याचा सराव त्यानेंच होतो. बाहेर पाऊल मोकळें राहील असें, मऊ तळव्याचें पादत्राण असावें. (हें ऐकून चिरंजीवांनीं छकुलीसाठीं घेतलेली लहानशी कोल्हापुरी चप्पल आणखी कांहीं वर्षें कोनाड्यांत शोभेला राहिली. कोल्हापुरी चपलेला २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, याचा आम्हां करवीरकरांना अभिमान आहे. परंतु कडक तळव्याची चप्पल धांवत्या पोराच्या पायांत टिकत नाहीं.) आणखी एक सूचना त्यांनीं आवर्जून दिली, ती प्रत्येक घरांत माहीत असावी. मूल मागें रेंगाळलें म्हणून त्याचा हात हिसकून ओढूं नये, किंवा एका हाताला धरून त्याला वर उचलूं नये; एक ते चार वर्षांच्या मुलांचें कोंपर अशा हिसक्यानें सहज निखळतें. उचलावयाचें तें काखेंत दोन्ही हात घालून.

मग घरांत एक लहानशी सभा झाली आणि कांहीं नियम ठरले. सकाळच्या घाईच्या वेळीं चिरंजीव छकुलीला पंधरा मिनिटें आधीं घेऊन निघतील. म्हणजे तिला रेंगाळतां येईल आणि सूनबाईंना मिनिटांचा हिशेब करावा लागणार नाहीं. हा नियम खरोखर वर्षापूर्वींच व्हावयास हवा होता. घाई आईच्याच वाट्याला कां यावी, हा प्रश्न आम्हां पुरुषांपैकीं कोणालाच सुचला नव्हता. संध्याकाळीं आमच्याबरोबर वहिनींचा मोठा नातू येईल. तो बारा वर्षांचा असल्यामुळें त्याच्या पायांना धांवण्याची आवड होती, आणि आम्हांला धांवणाऱ्याची गरज होती. रस्त्याच्या उजव्या कडेनें चालावयाचें, म्हणजे येणारीं वाहनें समोर दिसतील. छकुली आमच्या उजव्या हाताला, वाहनांपासून दूर. रस्ता ओलांडतांना हात सोडावयाचा नाहीं, हा एकच नियम तिच्यावर लादावयाचा. बाकीच्या वेळीं तिनें थांबावें, बसावें, विचारावें.

पहिले पंधरा दिवस सोपे गेले नाहींत. छकुली अर्ध्या वाटेंत दोन्ही हात वर करून उभी राही आणि “आबा, उचल” म्हणे. काठीवाल्या आबांना तें शक्य नव्हतें. तेव्हां आम्हीं दुरुस्त करून आणलेली गाडी एक आठवडा रिकामीच बरोबर नेली. एके दिवशीं ती गाडीच्या मागें गेली, तिनें दोन्ही हात वर करून मूठ धरली, आणि अत्यंत गंभीरपणें आम्हांला म्हणाली, “आबा, तुम्ही बसा, मी ढकलते.” बोळांतली मंडळी हंसलीं. आम्हीही हंसलों, परंतु त्या पोरीला कांहीं न सांगतां सर्व ठाऊक होतें कीं काय, अशी शंका आम्हांला अजून येते. त्या दिवशीं तिनें रिकामी गाडी महाद्वारापर्यंत ढकलीत नेली. वहिनींचा पांगुळगाडा शेवटीं आमच्या घरांत आला होता!

मुलाच्या चालीनें चालणें ही मोठ्या माणसाला शिकावी लागणारी गोष्ट आहे. १९३९ सालीं भारतांत येऊन येथें अनेक वर्षें राहिलेल्या मारिया मॉन्टेसरी यांनीं ही गोष्ट फार पूर्वीं ओळखली होती. दीड-दोन वर्षांचें मूलही बरेंच अंतर चालूं शकतें, पण तें कोठें पोंचावयाचें म्हणून चालत नाहीं; वाटेंत जें दिसेल तें पाहावयास चालतें, तेव्हां मोठ्यांनींच आपली चाल त्याच्या चालीला जुळवून घ्यावी, असें त्यांचें सांगणें होतें. पूर्वीं आम्हांला हें वाचून पटलें असतें. आतां गुडघ्यांनीं तें आमच्याकडून करवून घेतलें. छकुलीची आणि आमची चाल एकच झाली. ती मुंग्यांची रांग पाहावयास थांबे, तेव्हां आम्हांला विसावा मिळे. आम्ही विसाव्यासाठीं थांबूं, तेव्हां ती कांकणांच्या दुकानांतले रंग मोजी. पूर्वीं जी वाट आम्ही दहा मिनिटांत संपवीत होतों, तिला पाऊण तास लागूं लागला, आणि त्या पाऊण तासांत आम्ही दोघेंही कधीं थकलों नाहीं.

नोव्हेंबर महिना आला. कोल्हापूरच्या वाचकांना सांगावयास नको कीं, अंबाबाईच्या देवळांत नोव्हेंबरांत ९, १० व ११ या तारखांना आणि पुन्हां जानेवारीच्या अखेरीस ३१ पासून २ फेब्रुवारीपर्यंत किरणोत्सव असतो. देवीचें मुख पश्चिमेला. मावळत्या सूर्याचीं किरणें महाद्वारांतून आंत येतात. पहिल्या दिवशीं तीं देवीच्या चरणांपर्यंत पोंचावीं, दुसऱ्या दिवशीं मध्यभागापर्यंत, तिसऱ्या दिवशीं मुखापर्यंत, असा क्रम आहे. पहिल्याच दिवशीं छकुली घरापासून देवळापर्यंत चालत आली. तिच्या एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला तिची आई, मागें वहिनी व आमच्या घरच्या मंडळी. दाराशीं पादत्राणें काढून ती अनवाणी दगडी फरशीवरून चालूं लागली. गर्दींत तिला कांहीं दिसेना, म्हणून तिच्या बापानें उचलून खांद्यावर घेतलें. एवढी मोकळीक आम्हीं नियमांत ठेवली होती. घरीं परततांना तिनें सर्वांना सांगितलें कीं, देवीच्या पायांवर ऊन पडलें होतें आणि माझ्याही पायांवर पडलें होतें.

ज्या नगरींत राजर्षि शाहू महाराजांनीं १९१२ सालीं खासबागेचें मैदान उभारलें आणि जेथें पेठेपेठेंत तालमी आहेत, तेथें पावणेतीन वर्षांच्या मुलीनें घरापासून देवळापर्यंत चालत जावें, ही कांहीं पराक्रमाची गोष्ट नव्हे. परंतु आमच्या घरापुरता तो एक दिग्विजयच होता, आणि रात्रीं वहिनींनीं गोड शिरा केला तो त्याचसाठीं, असें आम्ही समजतों.

गाडी नंतर महिनाभर ओसरीच्या कोंपऱ्यांत मिटून पडली होती. परवां शेजारची मुलगी बाळंतपणानंतर पांच महिन्यांचें मूल घेऊन माहेरीं आली, तेव्हां सूनबाईंनीं गाडी धुऊन, पुसून, चाकांना तेल देऊन तिच्याकडे पोंचविली. पांच-आठ महिन्यांच्या मुलाला तिचा खरा उपयोग आहे. “पण ते चालायला लागलं की परत पाठव हो,” एवढें बजावून सांगावयास त्या विसरल्या नाहींत. गाडी दिंडी-दरवाजांतून बाहेर पडत असतांना छकुली उंबरठ्यावर उभी राहून तिला हात हालवीत होती. तिला वाईट वाटलेलें दिसलें नाहीं. आम्हांला थोडें वाटलें; पण तें सांगण्याचें आतां आम्हांला संकोचाचें कारण उरलें नाहीं.

हें लिहीत असतांना पांच वाजले आहेत. छकुलीनें कोंपऱ्यांतली काठी ओढीत ओढीत आमच्या खुर्चीपाशीं आणून ठेवली आहे. रंकाळ्यावरच्या त्या कणसें विकणाऱ्या बाईकडे आम्ही आतां नेहमीं थांबतों. आज एक कणीस घेऊन दोघांत अर्धें अर्धें करावयाचें ठरलें आहे. तेव्हां वाचकांनीं आम्हांला येथेंच रजा द्यावी.